लस घेऊनही झाला म्हणे!

अहो, ऐकलंत का? दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची सून, ती हो, हॉस्पिटलात सिस्टर आहे ती... पुन्हा कोविड पॉझिटिव्ह! तिसऱ्यांदा! पहिल्यांदा 2020च्या गणपतीत, मग 2021च्या एप्रिलात. तेव्हा तर कोविशील्डचे दोन्ही डोस झालेले. आणि आता, 2022च्या जानेवारीत, हा मेला ओमायक्रॉन.

जरा इकडे सरका, मोठ्यानं नको. काल पार्किंगमध्ये सेक्रेटरींची बायको काय म्हणाली ठाऊक आहे? "लस कसली, पाणीच टोचलं असणार!" की लगेच तळमजल्यावरचे काका, "मी म्हणतच होतो." हे काका काय म्हणत नव्हते ते सांगा! 2020च्या 22 मार्चला, डॉक्टर-नर्सेससाठी थाळ्या वाजवल्या त्या दिवशी, सगळ्यात जोरात यांचीच थाळी. काकूंची परात चेपली ती चेपलीच. आणि आता त्याच सिस्टरच्या दारावरून जाताना नाक दाबतात... जाऊ दे.

तर काय सांगत होते, ही मंडळी उभी होती नेमकी तिच्या गॅलरीखाली. ती वर आयसोलेशनमध्ये, मास्क लावून, सगळं ऐकत! वाकली आणि म्हणाली, "काका, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं आपल्याच स्टाफचा हिशेब मांडलाय. दोन्ही डोस झालेले 7,080. त्यातल्या 679 जणांना कोविड झाला. ऑक्सिजन लागला फक्त चौघांना. आणि स्टाफमधलं जे एक माणूस गेलं, त्यानं लसच घेतली नव्हती."

काकांचं तोंड बघायला हवं होतंत! सेक्रेटरीणबाई तरी गप्प बसाव्यात? "अगं, पहिलाच अंगात राहिला असेल." त्यावर ही म्हणते, "दोन पॉझिटिव्ह रिपोर्टांत निदान 102 दिवस आणि मध्ये एक निगेटिव्ह, तर आयसीएमआर त्याला नवीन इन्फेक्शन म्हणते. माझे तर महिने मोजा." बाईंना एकदम कुकरची शिट्टी ऐकू आली. पार्किंगमध्ये, बरं का!

खरं सांगू, मलाही वाटलं होतं, एवढ्या पीपीई किटात विषाणू शिरतो कुठून? तर वहिनी म्हणाल्या, वॉर्डात सगळ्या जपतात हो, पण मास्क उतरतो तो चहाला नि डब्याला, बोटभर खोलीत चौघीजणी. त्यात लसीचा जोर महिन्यांनी ओसरतो आणि विषाणू दर लाटेला रूप बदलून हजर. आपण एखाद्या पेशंटाच्या वाऱ्याला उभं राहत नाही, या रोज त्यांच्या उशाशी. पहिल्या वेळी पोरीला ऑक्सिजन लावला होता, आठवतंय ना? गेल्या एप्रिलात नुसता ताप. या खेपेला घसा आणि अंगदुखी, बस. मग लस पाण्याची कशी?

आणि हे ऐका, सात दिवस झाले की परत ड्युटी. निम्म्या पोरी आजारी, उरलेल्यांना डबल शिफ्ट. वहिनी सांगताना डोळे पुसत होत्या. त्यांच्या घरी डबा द्यायला अजून कोणी गेलं नाही, काकू सोडून. काकांच्या नकळत, अर्थात!

बरं, तुमची साठी उलटली, वर शुगर. 10 जानेवारी 2022पासून तुमच्यासारख्यांना प्रिकॉशन, म्हणजे तिसरा, डोस सुरू झाला. दुसऱ्या डोसला 39 आठवडे झालेत का बघा सर्टिफिकेटवर, आणि झाले असतील तर उद्याच जाऊन या.