मिकाएलचा घसा

माझ्या सासरी एक माणूस काळ वेगळ्या मापानं मोजतो. बायकोचा थोरला भाऊ. त्याला सगळेच दादा म्हणतात, मीसुद्धा. "तुमचं लग्न ना? वॉटरशेडच्या वर्षी," असं तो बोलून जातो आणि शेजारी बसलेल्या पाहुण्याला वाटतं, जावई पाणलोट विकासात नोकरीला असावेत. लेकीचा जन्म हेरिटेजचा. फ्लॅटचा ताबा पेल कम्युनियनचा. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सॉर्सरेसच्या आसपास. ही सगळी ओपेथ नावाच्या स्वीडिश बँडच्या अल्बमांची नावं आहेत, हे मला लग्नानंतर तीन महिन्यांनी कळलं. तोवर मी माना डोलवत होतो.

ओपेथ स्टॉकहोमचा. त्यांची गाणी दहा-दहा, बारा-बारा मिनिटांची. सुरुवातीला कुणीतरी एकटंच पावसात बसून गिटार छेडत असावं असं वाटतं, आपण चहाचा कप तोंडाला लावतो आणि तेवढ्यात डरकाळी येते. तिला ही मंडळी ग्राउल म्हणतात. चहा सांडतो. मग परत पाऊस. २००१ साली दादा इंजिनिअरिंगला होता तेव्हा होस्टेलवरच्या कुणीतरी त्याला ब्लॅकवॉटर पार्क नावाचा अल्बम सीडीवर उतरवून दिला आणि तिथून पुढे दादा घरच्यांच्या हाती लागला नाही. बँडच्या म्होरक्याचं नाव मिकाएल ऑकरफेल्ट. दादा त्याला मिकाएल म्हणतो, एकेरीत, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहत असल्यासारखा. "मिकाएलनं असं करायला नको होतं," हे वाक्य जेवताना इतक्या वेळा येई, की सासूबाई त्याला दादाच्या ऑफिसातला मुलगा समजत.

मिकाएलनं केलं होतं काय? तर डरकाळी फोडायची सोडली. २००८ चा वॉटरशेड हा शेवटचा. २०११ साली हेरिटेज आला, त्यात नुसतं गाणं. जुन्या सत्तरच्या दशकातल्या बँडांसारखं, ऑर्गन वगैरे, आणि गडी चक्क सुरात गातोय. दादानं सीडी काढून पुसली, परत लावली. त्याच वर्षी त्याला मुलगी झाली. घरात टाहो आला आणि बँडमधून गेला, असं तो हसत सांगतो, पण ते हसू पूर्ण नसतं.

सासूबाईंनी एवढंच ऐकलं होतं की मायकलचा आवाज गेला. त्यांनी ज्येष्ठमधाची पुडी आणून दिली होती. "रात्री तोंडात धरायला सांग त्याला." दादानं ती घेतली, नाही असं नाही.

आता त्याच्या टी-शर्टांबद्दल सांगितलं पाहिजे. काळे, चौदा. उलटे करून धुवायचे, सावलीत वाळवायचे, छापावरून इस्त्री फिरवायची नाही. वहिनींच्या पैठणीलाही एवढं सोवळं नाही. एका दिवाळीच्या आवराआवरीत सासूबाईंनी त्यांतला सर्वांत विटका, काखेत फाटलेला शर्ट फाडून त्याची दोन फडकी केली. एकानं गॅसची शेगडी पुसली गेली. दादा घरी आला, फडक्यावरचं अर्धं अक्षर त्यानं ओळखलं आणि तो काहीच बोलला नाही. फराळाच्या ताटावर बसून चकली मोडत राहिला. तो शर्ट घालून तो २००९ साली चेन्नईच्या आयआयटीत ओपेथ बघायला गेला होता, रेल्वेनं, जाता-येता दोन रात्री बसून. उरलेलं दुसरं फडकं त्याच्या कपाटात अजून आहे, घडी घालून.

हा असा माणूस नुसता ऐकत नाही, तो शोक पाळतो. १३ वर्षं त्यानं पाळला. नवा अल्बम आला की घ्यायचा, पहिल्या दिवशी ऐकायचा, आणि मग म्हणायचं, "तसं ठीक आहे, पण." त्या 'पण'पुढे काही नसतं. नुसता 'पण' म्हणून तो खिडकीबाहेर बघतो. २०१९ मध्ये ओपेथ पुण्यातच वीकेंडर महोत्सवाला आले. आमच्या अंगणात आले रे, म्हणत हा गेला. जुनं गाणं आलं की स्टेजवर मिकाएल डरकाळी फोडायचा. घसा शाबूत होता म्हणजे. दादा परत आला तो जास्तच दुखावून. "येते त्याला. मुद्दाम देत नाही."

हे त्याच्यात आलं कुठून, याचा शोध लांब घ्यावा लागत नाही. हॉलमध्ये आरामखुर्चीत अप्पा बसलेले असतात. अप्पा म्हणजे सासरे. रमणबागेतल्या सवाई गंधर्व महोत्सवाला रात्रभर बसून पहाटेची भैरवी ऐकून थेट ऑफिसला जाणारी पिढी. पुढे लाउडस्पीकरला रात्री दहाचा नियम आला, रात्रीचे राग सवाईतून गेले. मग महोत्सव मुकुंदनगरला गेला. अप्पांचं एकच वाक्य : "पहिल्यासारखं राहिलं नाही." इकडे दादा कॉलेजात असताना पुण्याहून गाडी पकडून मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात आय-रॉक महोत्सव ऐकायला जायचा. ते शांतता क्षेत्रात येतं म्हणून तिथले कार्यक्रम बंद पडले. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी एकाच घरातले दोन पुरुष घायाळ केले, आणि दोघांनाही दुसऱ्याचं दुःख हा निव्वळ आवाज वाटतो.

तर २०२४ च्या पावसाळ्यात बातमी आली. नव्या अल्बममध्ये डरकाळी परत. पहिलं गाणं सुटलं त्या रात्री दादाचा मला फोन. बोलला नाही, नुसता फोन स्पीकरला धरला. मी गाढ झोपेत होतो. मला वाटलं, पुन्हा बिबट्या शिरला कुठल्या सोसायटीत.

अल्बमची तारीख होती ११ ऑक्टोबर, दसऱ्याच्या आदला दिवस. दादानं रजा टाकली. मग तारीख पुढे गेली, २२ नोव्हेंबर. रजा वाया जाऊ नये म्हणून वहिनींनी त्याच्याकडून माळा साफ करून घेतला. दसऱ्याला त्यानं हेडफोनला झेंडूचं फूल वाहिलं, आणि अप्पांनी तानपुऱ्याला. पाटावर दोन्ही शेजारी शेजारी. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. सगळा महाराष्ट्र शनिवारची वाट बघत होता आणि हा शुक्रवारची. सोसायटीतल्या कुणीतरी लिफ्टमध्ये विचारलं, "काय वाटतं, कोण येणार?" दादा म्हणाला, "मिकाएल." ते गृहस्थ कुठला अपक्ष म्हणून विचारात पडले.

ऐकण्याचा विधी ठरलेला. पहिल्यांदा अंधारात, हेडफोनवर, फोन दुसऱ्या खोलीत. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. तिसऱ्यांदा गाडीत, कात्रजच्या नव्या बोगद्यातून, कारण तिथे म्हणे बेस खरा कळतो. त्याआधी मत विचारायचं नाही. मी विचारलं. त्यानं बोट वर केलं.

पहिला आठवडा तो लग्नघरातल्यासारखा वावरला. पेढे आणले. खरंच आणले, चितळ्यांचे. सासूबाईंना म्हणाला, "आई, घसा आला बरं का त्याचा." "तरी मी म्हणत होते," सासूबाई म्हणाल्या, "ज्येष्ठमध लागू पडायला वेळ घेतो."

दुसऱ्या आठवड्यात तो गप्प झाला. अमृततुल्यवर त्याची जुनी टोळी जमते, चार-पाच जण, सगळ्यांचे केस कधीकाळी खांद्यापर्यंत होते. तिथे मी एकदा बसलो. त्यांतला एक म्हणाला, हे आपल्यासाठी नाही केलं, तिकिटं खपावीत म्हणून केलं. बँड मऊ झाला तेव्हा विकला गेला होता, आता जड झाला तर पुन्हा विकला गेला. बिचाऱ्यानं करावं तरी काय, असं मी म्हणालो. पाचही जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी क्रीमरोल मागवले.

दादाची अडचण वेगळी होती, आणि ती मला उशिरा समजली. १३ वर्षं जी तक्रार उशाशी घेऊन झोपलो ती एका रात्रीत मंजूर झाली, तर माणसानं सकाळी उठून करायचं काय? बायपासचं आंदोलन यशस्वी झालेल्या पुढाऱ्यासारखी त्याची अवस्था. महिन्याभरानं त्याला मार्ग सापडला. "डरकाळी आहे," तो म्हणाला. "पण पोटातून नाही. डोक्यातून आहे." हॉलमधून आवाज आला, "हल्लीच्या पोरांच्या ताना तशाच." अप्पा पेपर वाचत होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बापलेकांचं संगीतावर एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि मग त्याची लेक. तेव्हा १३ वर्षांची. लहानपणी ही पोरगी रात्री झोपायची नाही. दादानं भीमसेन लावून पाहिले, पाऊस लावून पाहिला. अखेरीस एका रात्री हतबल होऊन त्याच्या हाताला लागेल ते लावलं, ते निघालं हेरिटेज. पोर झोपली. पुढची तीन वर्षं रोज रात्री, ज्या अल्बमला तो आयुष्यातला मोठा विश्वासघात म्हणतो तोच, खांद्यावर पोर घेऊन, येरझाऱ्या घालत. तो आजही पोहे परतताना गुणगुणतो ते त्यातलंच असतं. मी एकदा सांगितलं, तर म्हणाला, "छे, ते जुन्या अल्बममधलं, स्टिल लाइफमधलं." मला कळत नाही असं त्याला वाटतं.

जानेवारीत मी गेलो होतो तेव्हा नवा अल्बम स्पीकरवर चालू होता. लेक आतून आली, हातात गणिताची वही, आणि दारातच थांबली.

"बाबा, हा का ओरडतोय?"

"ऐक ना. हाच खरा ओपेथ."

तिनं एक मिनिटभर ऐकलं. मन लावून, डोकं तिरकं करून, अगदी त्याच्यासारखं.

"तसं ठीक आहे," ती म्हणाली, "पण. पूर्वी छान गायचा. आता पहिल्यासारखं राहिलं नाही."

दादानं स्पीकर बंद केला नाही. फक्त आवाज थोडा कमी केला. तिनं खिडकीबाहेर बघितलं आणि आत निघून गेली.

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "यात गोष्ट आहे ना काहीतरी?" मग दादा सांगायला लागला. एक श्रीमंत म्हातारा मरतो, पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, मुलं मृत्युपत्र ऐकायला जमतात. गाण्यांना नावं नाहीत, कलम एक, कलम दोन, असं सातपर्यंत. आठव्याला तेवढं नाव आहे.

आरामखुर्ची करकरली. अप्पांची सगळी नोकरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात झाली. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"साक्षीदार दोन होते का?"

"अप्पा, ते गाणं आहे."

"असू दे. नोंदणी केली होती?"

दादानं त्यांना हेडफोन लावून दिला. त्यांच्या कानांना तो मोठा होत होता, दोन्ही हातांनी धरून बसले. मधे म्हणाले, "बासरी बरी आहे. कोण आहे?" जेथ्रो टलचा इयन अँडरसन, दादानं सांगितलं, ७७ वर्षांचा आहे. "माझ्या बरोबरीचा," अप्पा म्हणाले. "पेन्शन नसेल." मग डरकाळी आली. त्यांच्या भुवया वर गेल्या, पण हेडफोन त्यांनी काढला नाही.

"हे कोण?"

"तोच. मेलेला बाप. मुलांना सुनावतोय."

अप्पांनी मान हलवली. "बरोबर आहे. मृत्युपत्र असंच वाचायला पाहिजे. नाहीतर पोरं ऐकत नाहीत." थोड्या वेळानं, कानातलं तसंच ठेवून, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "घर कुणाला गेलं मग?"