दोनशे तासांचा भाचा

आमच्या आर्णीत कुठल्याही निर्णयावर अख्ख्या गावाचा हक्क असतो, फक्त तो ज्याचा आहे त्याचा सोडून. बोअर कुठं मारायचा, पोरीला डी.एड.ला घालायचं की नर्सिंगला, हायवेला लागून धाबा टाकायचा की हार्डवेअरचं दुकान, हे सगळं चहाच्या टपरीवर ठरतं आणि घरी फक्त कळवलं जातं. आमच्याच तालुक्यातल्या दाभडीला २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदींची ‘चाय पे चर्चा’ झाली. बाहेरच्यांना ती नवी कल्पना वाटली असेल. आम्हाला त्यात नवं एवढंच दिसलं, की चर्चेला माणसं बाहेरून आली होती.

अशा गावात माझा भाचा पायलट होऊन घरी आला आणि त्याच्यासमोर दोन नोकऱ्या एकदमच येऊन उभ्या राहिल्या, एक आफ्रिकेत आणि एक महाराष्ट्रात, तर गावाला केवढं काम लागलं असेल बघा!

आर्णीला रेल्वे नाही. अरुणावती नदी आहे, कंबलपोष बाबांचा दर्गा आहे आणि नागपूर-तुळजापूर हायवे आहे. या हायवेच्या चौपदरीकरणात भाऊजींचं वावर गेलं आणि मोबदला आला. आजूबाजूच्यांनी तशाच पैशात स्कॉर्पिओ घेतल्या, स्लॅब टाकले, लग्नं उरकली. भाऊजींनी पोराला विमान शिकायला घातलं. पन्नास-साठ लाखांचा मामला, मोबदला कुठवर पुरणार? उरलेल्या वावराच्या सातबाऱ्यावर बोजा चढला. म्हणजे आमच्या घराण्यात आता एका कागदावर डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) शिक्का आहे आणि दुसऱ्यावर बँकेचा. दोन्ही कागद ताईनं एकाच पेटीत ठेवलेत, लग्नातल्या शालूखाली.

पोरानं मेहनत केली, यात वाद नाही. नेव्हिगेशन, रेग्युलेशन, मीटिऑरॉलॉजी असे पेपर काढले. पहिल्या दोन्हींचं गावाला सोयरसुतक नव्हतं. पण मीटिऑरॉलॉजी म्हणजे हवामान, हे कळलं आणि मृगाच्या तोंडावर ताईच्या ओट्यावर माणसं येऊन बसू लागली.

“बाबू, सोयाबीन टाकू का थांबू, तेवढं सांग.”

भाचा बिचारा क्युम्युलोनिंबस ढग कसा उभा चढत जातो, त्याच्या पोटात वारे कसे वर-खाली धावतात आणि म्हणून विमान त्याच्यापासून लांब कसं ठेवायचं, हे मनापासून समजावून सांगायचा.

“अरे, मले इमान नाई न्यायचं, तिफन न्यायची हाय!” म्हातारे वैतागायचे. “एवढे पैसे घालून शिकला अन् पाऊस सांगता येत नाई.”

खरी पंचाईत झाली ती तासांची. आपल्याकडं व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स मिळायला २०० तासांचं उड्डाण लागतं. गावानं तिथंच हिशेब केला: चोवीसनं भागलं तर आठ दिवस आणि वर थोडं. “आठ दिवसायचे साठ लाख? माह्या पोट्टा टॅक्टर दोन दिवसांत शिकला, तेही फुकट!” यावर उत्तर देणं अवघड होतं, कारण ट्रॅक्टर शिकताना त्या पोट्ट्यानं पाडलेलं कुंपण तेव्हा कुणाला आठवलं नाही.

दोनशे तासांचा पायलट ही मोठी अधांतरी अवस्था असते. एअरलाइनच्या जेटमध्ये बसायचं तर त्या जातीच्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं. एअरबस ३२० चं वेगळं, बोइंग ७३७ चं वेगळं, आणि त्याचे आणखी वीसेक लाख. कॅप्टन व्हायचं तर वरचं लायसन्स हवं, त्याला १५०० तास हवेत. तास नाहीत म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून तास नाहीत. या चक्रात अडकलेली देशभरातली पोरं घरोघरी आईच्या हातचं खाऊन वजन वाढवत असतात आणि दर वर्षी वैद्यकीय तपासणी जवळ आली की रात्रीचं जेवण बंद करतात.

२०२५ च्या डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा भाऊजी पेपर फडकवत आले. “पायलट कमी पडून राहिले म्हणते! मंग याले काऊन बोलवत नाई?”

भाच्यानं समजावलं, की कमी पडले ते त्या विमानाचं रेटिंग असलेले आणि नियमाप्रमाणं झोप झालेले पायलट. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती नव्या नियमांनी ३६ तासांवरून ४८ वर नेली होती, कंपनीची जुळवाजुळव तिथं कोलमडली.

“विश्रांती म्हणतं? ते तर याची गणपतीपासून चालूच हाय,” भाऊजी म्हणाले आणि पेपर घडी करून बसले.

अशात ती दोन पत्रं आली. पहिलं बोत्सवानातल्या माउन गावच्या एका सफारी कंपनीचं. माउनच्या पुढं ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश आहे. ही नदी समुद्राला मिळतच नाही, वाळवंटात पसरून जिरून जाते. तिथल्या जंगलातल्या तंबूंमध्ये पाहुण्यांना पोचवायला छोटी विमानं लागतात: सेस्ना २०६ आणि तिच्याहून मोठी कॅरॅव्हॅन. जगभरातले कोवळे पायलट तास जमवायला माउनला जातात. पत्राचा मतलब असा, की स्वखर्चानं या, इथल्या कायद्याची परीक्षा द्या, लायसन्स इथल्या नियमात बसवून घ्या, मग विमानाचं बघू. दुसरं पत्र महाराष्ट्रातल्याच एका फ्लाइंग स्कूलचं: सहायक प्रशिक्षकाचं रेटिंग करा आणि शिकवायला या.

टपरीवर आधी आफ्रिका घेण्यात आली. एका निवृत्त गुरुजींनी माहिती काढून आणली, की बोत्सवाना आकारानं महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि अख्ख्या देशाची माणसं आपल्या एकट्या यवतमाळ जिल्ह्यापेक्षा कमी. शेवटचं वाक्य ऐकून सगळे गंभीर झाले. जिथं माणसंच नाहीत तिथं पोरगं बोलणार कुणाशी, आणि मुख्य म्हणजे त्याच्या निर्णयांकडं लक्ष कोण देणार? राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू २०२५ च्या नोव्हेंबरात त्या देशात गेल्या होत्या, तेव्हा बोत्सवानानं भारताला आठ चित्ते देऊ केले, हेही गुरुजींनी सांगितलं. “म्हणजे तिकडचे चित्ते इकडं येऊन राहिले अन् आपला पोट्टा तिकडं,” असा त्याचा सारांश निघाला.

मग भाच्यानं कामाचं वर्णन केलं. तिथल्या धावपट्ट्या मातीच्या. उतरण्याआधी पट्टीवरून कमी उंचीनं एक फेरी मारायची, हत्ती-जिराफ उभे असले तर बाजूला जाऊ द्यायचे, मग टेकवायचं. पाहुण्यांच्या बॅगाही पायलटनंच चढवायच्या आणि उतरवायच्या.

भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे जनावरं हाकलायची अन् वझं उचलायचं. मंग त्याच्यासाठी आफ्रिकेत कायले जातं? आपल्या वावरात रोही हायेतच. रात्रीची जागल तेवढी कर. पासपोर्टही लागत नाई.”

आजीनं वेगळाच मुद्दा काढला. तिथं माणसं कमी आणि गाई-बैल भरपूर, हे ऐकल्यापासून तिच्या मनात एकच शंका होती: “एवढे बैल हायेत, तर पोळा भरवते का ते लोक?” भरवत नाहीत म्हटल्यावर तिनं त्या देशाचा विषय बंद केला.

मग गावाची गाडी घरच्या नोकरीवर आली आणि तिथंही अडकली. फ्लाइंग स्कूलमध्ये शिकाऊ पोरगा विमान उचलतो, डावीकडं वळत वळत पट्टीला एक फेरी घालतो, टेकवतो आणि न थांबता पुन्हा उचलतो. असं दिवसभर. मास्तर उजव्या सीटवर. त्यानं हात मांडीवर ठेवायचे, पण असे, की क्षणात पुढं येतील. शिकाऊ नाक वर उचलायला विसरला तर मास्तरनं विसरून चालत नाही.

“मंग जाते कुठं ते इमान?”

“कुठंच नाही.”

“कुठंच जात नाई तर उडते कायले?”

यवतमाळजवळ भारीला धावपट्टी आहे, पण तिच्यावरून रोजचं प्रवासी विमान सुटत नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं ते १६ एप्रिल २०२५ ला. जिथं एसटीच्या बोर्डावर गावाचं नाव नसेल तर माणूस गाडीत चढत नाही, तिथं निघाल्या जागीच परत येणाऱ्या विमानाची नोकरी कशी पटावी?

घरच्या बाजूनं गुरुजी एकटे लढले. त्यांनी कॅप्टन अमोल यादव यांचा दाखला दिला. या मराठी वैमानिकानं कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं, आणि डीजीसीएची नोंदणी मिळाली ती २०१७ मध्ये. “इथं राहूनही मोठं होता येते,” गुरुजी म्हणाले. भाऊजींनी नकळत आपल्या गच्चीकडं पाहिलं. तिथं पाण्याची टाकी होती, तुरीच्या शेंगा वाळत होत्या आणि ताईची पापडाची खाट होती. विमानाला जागा नव्हती.

मध्येच कुणीतरी २०१७ चाच एक नियम काढला: आपल्याकडं एअरलाइनच्या कॅप्टनला नोकरी सोडायची तर वर्षभर आधी सांगावं लागतं, को-पायलटला सहा महिने. भाऊजी थक्क झाले. “आपला सालगडीही पाडव्याले हिशेब करून मोकळा होते, बाप्पा!”

आता लग्नाचं. स्थळांना बोत्सवाना लांब वाटत होतं आणि फ्लाइंग स्कूल सरकारी नाही म्हणून हलकं. ताई काळजीत पडलेली पाहून मी मामा या नात्यानं एक दाखला दिला. आपल्याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरणा वाघ २०१९ मध्ये घर सोडून निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळली. महाराष्ट्र-तेलंगणातली गावं, शेतं, रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. टिपेश्वरात जागा कमी, वाघ जास्त, म्हणून त्यानं स्वतःचं राज्य शोधलं. त्याला कुणी विचारलं का, की घरी काय कमी होतं?

ताईनं मान वर न करता विचारलं, “मंग, तिथं वाघीण भेटली का त्याले?”

ज्ञानगंगेत तेव्हा वाघीण नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी चहा मागितला.

या सगळ्या काळात भाच्याचं मत कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही ते दिलं नव्हतं. त्या रात्री त्यानं मला लॉगबुक दाखवलं. जाड पुठ्ठ्याची आडवी वही. एका ओळीत एक उड्डाण: तारीख, विमानाची जात, व्हीटीनं सुरू होणारा नोंदणी क्रमांक, कुठून, कुठं, दिवसा की रात्री, सोबत मास्तर की एकटा, किती वेळ. पहिलं एकट्यानं केलेलं उड्डाण जेमतेम दहा मिनिटांचं होतं. त्या ओळीवरची शाई थोडी फिसकटलेली. पानाच्या तळाशी बेरीज आणि ती पुढच्या पानावर ओढलेली. पुढची पानं कोरी.

“मामा, माउनला दोनशे तासांवर गेलो तर चांगलं विमान मिळेपर्यंत जमिनीवरच बॅगा मोजत बसीन,” तो म्हणाला. “कॅरॅव्हॅन द्यायला ते तास मागतात, विमा कंपनीही मागते. शिकवायला गेलो तर पहिल्या आठवड्यापासून उडतो. शिकाऊ डावीकडं असला तरी कमांडचे तास माझ्या वहीत चढतात. पाच-सातशे झाले की मग माउन.”

मी विचारलं, “अन् पगार?”

“दोन्हीकडं बाबांच्या हप्त्यापुरता. पण स्कूलनं पत्रात रुजू व्हायची तारीख घातली आहे. माउनच्या पत्रात तारीख नाही.”

गाव इथं की तिथं यावर भांडत होतं आणि पोरानं आधी कोणतं, मग कोणतं, ते ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी टपरीवर तो निर्णय जाहीर झाला, तेव्हा चौघांनी तो आपणच सुचवल्याचं सांगितलं. ताईनं दर्ग्यावर चादर चढवली, भाऊजींनी बँकेत जाऊन हप्त्याची तारीख पुढं ढकलून घेतली, आणि भाच्यानं रात्रीचं जेवण बंद केलं.

माझं मत विचाराल तर पोराचा हिशेब बरोबर आहे. सुरुवातीच्या पायलटला देश परका की आपला हे नंतर बघता येतं, आधी वही भरावी लागते. तुमच्याही घरात नुकतंच लायसन्स आलं असेल आणि दारात नोकरीचं पत्र असेल, तर पगाराचा आकडा वाचण्याआधी दोन गोष्टी विचारा: महिन्याला तास किती मिळतील आणि विमानात कोणत्या तारखेला बसवाल? दोन्ही उत्तरं लेखी घ्या.