चकाचकराव

प्रत्येक सोसायटीत एक चकाचकराव असतातच. रविवारी सकाळी शाम्पूची बादली आणि फडक्यांची चळत घेऊन बुलेटशेजारी उकिडवे बसलेले दिसतात, तेच. टाकीत स्वतःचा भांग दिसल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. ‘आपली कार्बोरेटरवाली, इंजेक्शनवाली नव्हे!’ हे वॉचमनलाही ऐकवतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला, तेव्हापासून तर छाती आणखीच फुगलीय. तो नेमका असतो कुठे, एवढं मात्र विचारू नये. दसऱ्याला हेडलाइटला झेंडू, टाकीला हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. अ‍ॅक्सिलेटरची केबल कार्बोरेटरवरच्या ज्या चकतीला ओढते, तिथे मात्र कैक पावसाळ्यांचा चिखल सुखाने नांदतो.

एक दिवस रेस सोडली तरी उतरेना. सिग्नलला राव शांत, इंजिन बोंबलतंय. ‘विमान उडवताय का काका?’ शेजारचा रिक्षावाला.

निदान तयारच होतं : इथेनॉल. ‘साखर खाल्ली, आता पेट्रोलही खाल्लं कारखानदारांनी!’ पंप बदलला, प्लग बदलला. रेस तिथेच.

शेवटी कोपऱ्यावरचा मेस्त्री. त्याने मूठ पिळून सोडली. ती जांभया देत परत आली. त्याने केबलचं वरचं टोक सोडवलं, त्याला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधून नरसाळं केलं आणि पातळ तेल ओतलं. बऱ्याच वेळाने खालून आधी तांबडं, मग काळं, मग स्वच्छ तेल ठिबकलं. चकतीची स्प्रिंग ब्रशने झाडून तिथे दोन थेंब. मग केबलला जरा ढील. (मुठीला साधारण २ ते ६ मिमी मोकळी चाल हवी, असं बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. रावांची पुस्तिका अजून प्लास्टिकमध्ये आहे. खराब होईल म्हणून.) आता मूठ सोडली की टक्‌कन जागेवर.

‘पन्नास द्या.’

राव पडेल चेहऱ्याने म्हणाले, ‘बदललं काय?’

‘काही नाही. तेल नव्हतं, साहेब.’

दीड लाखाच्या गाडीला पन्नास रुपयांचा आजार! हा अपमान रावांच्या जिव्हारी लागला. आठवड्याभरात त्यांनी दुसरं गॅरेज गाठून नवा कार्बोरेटर बसवून घेतला. बिल चार आकडी. ‘माणूस जाणकार आहे,’ असं आता सगळ्यांना सांगतात.

जुना कार्बोरेटर त्यांनी मागून घेतला. ब्रासोने घासून तो शोकेसमध्ये, मुलीच्या ट्रॉफीशेजारी ठेवलाय. पाहुण्यांना हात लावू देत नाहीत.