क्रीडा पानाचे अण्णा

आमच्या डेस्कवरच्या अण्णांना मुलींच्या खेळाचं वावडं आहे, असं कुणी म्हटलं तर त्यांना मनापासून वाईट वाटतं. ८ मार्चचं पान ते स्वतः लावतात, तेही अख्खं, गुलाबी पार्श्वभूमीवर. फोटोची अट एकच, खेळाडू घामाघूम दिसता कामा नये. बाकी वर्षभर जागेची अडचण असते, त्याला ते बिचारे काय करणार?

महिला खेळाडूंबद्दल अण्णांना माहिती मात्र दांडगी. वडील रिक्षा चालवतात की शेती करतात, आईनं बांगड्या कधी मोडल्या, पदक घेऊन घरी आल्यावर पोरगी आधी पुरणपोळी खाणार की भरीत, सगळं तोंडपाठ. निकाल तेवढा चौथ्या परिच्छेदात असतो, आणि पान लागताना चौथा परिच्छेद कापला जातो.

शिवाय त्यांना एक्स्प्रेसचा नाद. पी. टी. उषा 'पय्योली एक्स्प्रेस' झाली तेव्हापासूनचा. कविता राऊत 'सावरपाडा', ललिता बाबर 'माणदेशी'. २०१६ साली रिओत ललितानं तीन हजार मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. अण्णांनी माणदेशचा दुष्काळ असा रंगवला, की पान वाचून घशाला कोरड पडावी. वेळ राहूनच गेली. गाडीचं नाव द्यायचं आणि वेळ द्यायची नाही, हे आपली रेल्वेसुद्धा करत नाही.

मुलाखतीचे प्रश्न ठरलेले. लग्नाचं काय, स्वयंपाक येतो का, आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? हा शेवटचा प्रश्न २०१७च्या विश्वचषकाच्या वेळी कुणीतरी मिताली राजला विचारला. तिनं उलट विचारलं, तुमची आवडती महिला क्रिकेटपटू कोण, असं पुरुषांना कधी विचारता का? अण्णा बेहद्द खूश. त्यांनी ताबडतोब चौकट केली. प्रश्न मात्र यादीतून काढला नाही. न जाणो, आणखी एखादी चौकट मिळायची!

२ नोव्हेंबर २०२५ला हरमनप्रीतच्या संघानं नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा तर अण्णांना आवरणं कठीण झालं. आठ कॉलमी मथळा. रणरागिणी, दुर्गा आणि हिरकणी एकाच वाक्यात. शफालीच्या ८७ धावा आणि दीप्तीचे ५ बळी 'आतील पानावर' गेले. आतल्या पानावर ऐनवेळी जाहिरात आली.

सहा दिवसांनी ब्रिस्बेनला आपल्या पुरुषांचा टी-२० सामना पाचव्या षटकातच पावसानं गुंडाळला. अण्णांनी तोच लीड केला. सोबत ताडपत्रीचा तीन कॉलमी फोटो आणि ढगांविषयी स्वतंत्र चौकट.

डेस्कवर नवी आलेली पोरगी पानाकडे बघत म्हणाली, "अण्णा, पण हा सामना झालाच नाही ना?"

"म्हणून तर सविस्तर द्यायचा," अण्णा चष्मा पुसत म्हणाले. "झाला असता तर लोकांनी टीव्हीवर पाहिला नसता का?"