पॅटागोनिया, व्हाया देवगाव रंगारी

नोकरी सोडायची, फ्लॅट भाड्याने द्यायचा, आईवडिलांना सांगायचं आणि वर्ष-दीड वर्षासाठी दक्षिण अमेरिकेला निघायचं, असा एक शिरस्ता जगभरच्या जोडप्यांत पडला आहे आणि त्याचं वारं आता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनाही लागलं आहे. (आईवडिलांचा नंबर तिसरा का, हे ज्यांना मुलं आहेत त्यांना सांगायला नको.) मग ही दोघं चिलीतल्या कार्रेतेरा आउस्त्राल नावाच्या सुमारे 1,240 किलोमीटरच्या रस्त्याने खडी उडवत जातात. अर्जेंटिनाचा रूटा 40 तर 5,000 किलोमीटरहून लांब. तो अँडीजच्या कडेकडेने उरकतात. पॅटागोनियात वारा असा की तंबू ठोकताना एक टोक नवऱ्याच्या हातात, दुसरं बायकोच्या, आणि मधलं कापड अटलांटिककडे निघालेलं. परत आल्यावर त्यांचं व्याख्यान ठरतं, प्रास्ताविकात ‘साहसी दांपत्य’ हे शब्द येतात आणि सभागृहातल्या बायका आपापल्या नवऱ्याकडे एकदा बघून घेतात. या कौतुकाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती क्रमवारीला. जोडीने, लांबवर, आडवाटेने आणि वर्षानुवर्षं फिरण्याच्या या उद्योगात पहिला मान छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. ते मी पुराव्यानिशी मांडतो.

आधी ‘दुर्गम’ या शब्दाचा निकाल लावू, कारण सगळा तोरा त्या शब्दाचा आहे. बोलिव्हियात उयुनी नावाचं मिठाचं मैदान आहे. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच आणि क्षेत्रफळ 10,000 चौरस किलोमीटरहून जास्त. म्हणजे आपला आख्खा जिल्हा उचलून बाजूला ठेवला आणि त्या जागी मीठ पसरलं तर होईल साधारण तेवढं. सोयगावपासून पैठणपर्यंत झाड नाही, पाणी नाही, सावली नाही, अशी कल्पना करा. एप्रिल-मेमध्ये ही कल्पना करणं तितकंसं अवघड जात नाही. पण त्या मैदानाच्या कडेला आयमारा लोकांची वस्ती आहे, तिथल्या बायका गाठोडं पाठीला बांधून बाजाराला जातात, आणि आपण दुर्गम भागात राहतो ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. जागा दुर्गम ठरते ती पाहुणा आल्यावर. पाहुण्याला तिथे पेट्रोल मिळालं नाही, मोबाइलला रेंज मिळाली नाही आणि भाषा कळली नाही की प्रदेश दुर्गम. हाच नियम धरला तर लासूर स्टेशनला चुकून उतरलेल्या चिलीच्या माणसासाठी आपला सगळा तालुका दुर्गम आहे, आणि त्यानेही परत गेल्यावर व्याख्यान द्यायला हरकत नाही.

आता पुरावा. संत बहिणाबाई. (जळगावच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, त्या अडीचशे वर्षांनंतरच्या. हा घोटाळा इतका मुरलेला आहे की खुलासा कंसात करून भागतं.) 1628 साली देवगावच्या आऊजी कुलकर्ण्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. खेळण्याच्या वयात शिऊरच्या रत्नाकर पाठक या तिशीतल्या बिजवराशी लग्न लागलं. पुढे वडील भाऊबंदकीत आणि कर्जात सापडले, गाव सोडणं भाग पडलं आणि आईवडील, लेक, जावई अशी मंडळी गोदावरीच्या काठाने बाहेर पडली. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर करत बहिणा अकराएक वर्षांची असताना कोल्हापूर आलं. कोल्हापूरनंतर देहू, तुकोबांच्या गावी. कितीतरी वर्षांनी शिऊर. वाहन म्हणजे पाय. उत्पन्न म्हणजे भिक्षा आणि रत्नाकरपंतांची भिक्षुकी. कोल्हापुरात कुणी स्वतःला दान मिळालेली गाय वासरासकट या कुटुंबाला देऊन टाकली, आणि ते वासरू बहिणेला असं बिलगलं की तिच्या मागोमाग जयराम स्वामींच्या कीर्तनालाही येऊन उभं राहू लागलं. आजकाल व्हॅनमध्ये कुत्रं घेऊन खंड पालथा घालणाऱ्या जोडप्याचं वर्तमानपत्रात छायाचित्र येतं. कुत्रं गाडीत बसतं, खिडकीतून बघतं. गाय चालते, दूध देते आणि वाटेत चरताना शेतकऱ्याशी भांडण लावून देते. कोणतं प्रकरण अवघड, ते वाचकांनी ठरवावं. शिवाय हा सगळा वृत्तांत बाईंनी स्वतः अभंगांत लिहून ठेवला, आणि तेवढ्यावर न थांबता म्हातारपणी मुलाला, विठोबाला, आपले मागचे बारा जन्म सांगितले. चालू जन्म तेरावा. पासपोर्टवर बारा देशांचे शिक्के असलेला माणूस हल्ली खुर्ची पुढे ओढून बोलायला बसतो. बारा जन्म म्हटल्यावर त्याने खुर्ची मागे घ्यावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही माणसं हौसेने निघाली नव्हती, त्यांच्यामागे घेणेकरी होते, आणि याला प्रवास नाही, परागंदा होणं म्हणतात. आक्षेप वजनदार आहे, पण तो दोन्हीकडे लागतो. पॅटागोनियाला निघालेल्यांच्या मागे कुणीच नसतं असं थोडंच आहे? बॉस असतो, गृहकर्जाचा हप्ता असतो, ‘गुड न्यूज कधी?’ असं दर दिवाळीला विचारणारी आत्या असते. सुटका दोघांनाही हवी असते. फरक मागे राहिलेल्या दाराचा आहे. एकाचं दार भाड्याने दिलेलं असतं, दर महिन्याच्या पाच तारखेला ते दार पैसे पाठवतं, आणि प्रवासाचा कंटाळा आला की उघडतं. दुसऱ्याचं दार भाऊबंदांच्या ताब्यात असतं. आपण पहिल्या माणसाला साहसी म्हणतो, दुसऱ्याला बिचारा. परतीची सोय असताना घेतलेली जोखीम मोठी आणि सोय नसताना घेतलेली छोटी, हे गणित मला कुठल्याच शाळेत बसताना दिसत नाही. बरं, ठरवून निघणाऱ्यांचं पुढे ठरल्याप्रमाणे होतं म्हणावं तर अर्जेंटिनाच्या हर्मन आणि कांदेलारिया झाप यांचं उदाहरण घ्या. 1928 सालच्या ग्रॅहम-पेज मोटारीतून हे नवरा-बायको 25 जानेवारी 2000 रोजी ब्वेनोस आयरेसहून अलास्काला निघाले. बेत सहा महिन्यांचा. घरी परतले मार्च 2022 मध्ये, शंभरावर देश करून आणि चार मुलांना घेऊन. मुलं वाटेतच झाली, वेगवेगळ्या देशांत. बहिणाबाईंच्या लेकीचा, काशीचा, जन्म देहूला, बिऱ्हाड परमुलखात असताना झाला. बेत असो वा नसो, बाळंतपण काही बेत विचारून येत नाही.

दुसरा आक्षेप कोल्हापूरकर घेतील: आमचं गाव दुर्गम कधीपासून झालं? त्यांच्या भावना मी समजू शकतो. पण काळ बघा. 1630 ते 1632 चा भीषण दुष्काळ नुकताच दख्खन खाऊन गेलेला. 1633 मध्ये मुघलांनी दौलताबाद घेतला, 1636 मध्ये निजामशाही बुडाली. दौलताबाद देवगावापासून काही फार लांब नाही; म्हणजे लढाईचा धुरळा अंगणात येत होता. त्याच दशकात बायकामुलांसह पायी निघायचं, तेही ओस पडलेल्या गावांतून आणि फौजांच्या वाटांवरून. या मानाने कार्रेतेरा आउस्त्रालवर धोका काय, तर टायर पंक्चर होतो आणि फेरीबोट चुकते. चुकली तर पुढच्या बोटीपर्यंत किनाऱ्यावर कॉफी.

तिसरा आक्षेप मात्र विनोदावारी नेण्यासारखा नाही. याला जोडपं म्हणायचं का? पोरवयातली मुलगी आणि तिशीतला पुरुष. त्यात बायको कीर्तनात रमते, शूद्र म्हणून हिणवलेल्या तुकोबांना मनोमन गुरू मानते, म्हणून नवऱ्याने तिला मारलं, तिला टाकून निघून जायची तयारी केली. मग स्वतः आजारी पडला, विरघळला आणि तिच्याबरोबर देहूला आला. हे सगळं बाईंनीच नोंदवलं आहे. संसार म्हणून हा कित्ता कुणीही गिरवू नये. पण प्रवासवर्णन म्हणून? जोडीने केलेल्या प्रवासाची पुस्तकं वाचा; त्यात भांडण म्हणजे नकाशा उलटा धरला म्हणून झालेलं गोड भांडण, पुढच्याच परिच्छेदात सूर्यास्त. दीड वर्ष चार चौरस मीटरच्या व्हॅनमध्ये राहिलेल्या दोन माणसांत एवढंच घडतं, यावर माझा विश्वास नाही. बाकी सगळे जे गाळतात ते साडेतीनशे वर्षांपूर्वी देवगावच्या लेकीने लिहून ठेवलं. आणि लेखणी एकटीच्या हातात होती; रत्नाकरपंतांची बाजू मांडणारं पान त्यात नाही. पंतांनी तक्रार करू नये. तोपर्यंतच्या पोथ्यांत बायकांची बाजू तरी कुठे होती!

कुणी म्हणेल, एका संताच्या जोरावर गावाला मान कसला. हे सतराव्या शतकातलं झालं, आज काय? आजही मराठवाड्यातून दर दिवाळीच्या आगेमागे हजारो जोडपी पाच-सहा महिन्यांच्या मुक्कामाला निघतात. ऊसतोडीला. तिथे नवरा-बायकोला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. द्वैत-अद्वैताच्या चर्चा पुष्कळ झाल्या, पण दोन जीवांचं इतकं पक्कं ऐक्य मुकादमाच्या वहीखेरीज कुठे आढळत नाही. मुकादमाकडून उचल घ्यायची, ट्रकमध्ये भांडीकुंडी, मुलं, शेळी आणि म्हातारी चढवायची, आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखाना नेईल तिथे कोपी घालायची. एक दिवस खाडा झाला तर दंड. वीस हंगाम केलेल्या कोयत्याचा घराबाहेरचा मुक्काम मोजला तर आठ-दहा वर्षं भरतात. दक्षिण अमेरिका टोकापासून टोकापर्यंत पायी करायलाही एवढी लागत नाहीत. पॅटागोनियाच्या प्रवाशाचा तंबू वाऱ्याने उडाला की तो प्रसंग ठरतो. कोपी उडाली की ती पुन्हा उभी करायची, कारण पहाटे फडात जायचं असतं.

इतकं बोलल्यावर मी दक्षिण अमेरिकेचा वैरी वाटेन, म्हणून सांगतो की तसं नाही. मीना प्रभूंचं ‘दक्षिणरंग’ वाचलेल्या मराठी माणसाला त्या खंडाचं वावडं असूच शकत नाही. आणि वैर धरायचं तर एकादशीच्या दिवशी पंचाईत होईल. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा मूळचा ब्राझीलकडचा. (कारखाने तमिळनाडूत सेलमला, खपवणारे आपण.) शेंगदाणा बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या बाजूचा, बटाटा अँडीजचा, मिरचीसुद्धा अमेरिकेचीच. खिचडीतून परके काढून टाकले तर ताटात जिरं, तूप आणि मीठ उरतं, आणि मिठाबद्दल उयुनीवाले काय म्हणतील ते सांगता येत नाही. म्हणजे जोडप्याने दीड वर्ष घालवून ज्या मातीचं दर्शन घ्यायचं, ती देवगावच्या वारकऱ्याने उपवासाला नेमाने खाल्लेली आहे. त्याही मागे जायचं तर हिंदुस्थान आणि दक्षिण अमेरिका हे एकाच खंडाचे वाटेकरी होते, आणि त्या खंडाला भूगर्भशास्त्रज्ञांनी नाव दिलं ते आपल्या गोंडांच्या मुलखावरून: गोंडवन. वाटण्या झाल्या, एक भाऊ पश्चिमेला गेला, दुसरा उत्तरेला सरकून आशियाला धडकला. भाऊबंदकीमुळे घर सोडावं लागण्याची प्रथा या भागात आऊजी कुलकर्ण्यांच्या बरीच आधीची आहे, एवढंच यावरून दिसतं.

तेव्हा माझी मागणी माफक आहे. पॅटागोनियाहून परतलेल्या जोडप्यांची व्याख्यानं पुण्यात खुशाल ठेवा, पण एखादं देवगाव रंगारीतही ठेवा, उसाचा हंगाम संपल्यावर, म्हणजे श्रोते घरी असतील. सरकत्या चित्रांत हिमनद्या येतील, गुआनाकोंचे कळप येतील, दोघांच्या लाल झालेल्या नाकांचे फोटो येतील, आणि लोक मनापासून टाळ्या वाजवतील. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतून पहिला प्रश्न येईल, ‘उचल किती घेतली होती?’ त्याचं उत्तर तयार ठेवावं. आणि वाचकहो, वेरूळला कैलास लेणं बघून तुमच्या गाड्या संभाजीनगरकडे नाहीतर शिर्डीकडे वळतात, त्या पुढच्या वेळी देवगावच्या रस्त्याला लावा. व्हिसा लागत नाही. तिथून पुढे गेलं की वैजापूर तालुक्यातलं शिऊर लागतं. 1700 साली बहिणाबाईंनी देह ठेवला तो तिथेच, आणि त्यांची समाधीही तिथेच आहे.