बैलाबरोबर आलेले पाहुणे

"मास्तर, हा फोन बघा जरा." शेराच्या कुंपणावरून आधी काकींचा हात आला, मग काकी. "लॉक उघडायच्या आधीच कुठल्या नटीचं लग्न मोडलं ते सांगतो. मी विचारलं होतं का त्याला?"

नातवाने दिवाळीला शहापुरातून नवा फोन आणून दिलाय. पाहिलं तर त्यात पत्त्यांचे डाव, खरेदीची दोन ॲपं, कर्ज देणारं एक, आणि एक रंगीत चौकोन, ज्याचं काम काय ते मलाही उमगलं नाही. दाबून धरलं तरी 'काढून टाका' असं काही येईना.

"नातू म्हणतो, आजी, ती फोनबरोबरच येतात. अरे, म्हशाच्या जत्रेतून बैल आणला तर त्याच्याबरोबर विकणाऱ्याचे चार पाहुणे राहायला येतात का घरी?"

"ॲपवाले त्या जागेचे पैसे मोजतात, काकी. त्यातून फोनवाल्याला थोडं सुटतं."

"मग मला कुठे सुटलं? टोकावड्याला भाचीला व्हिडिओ कॉल लावायचा तर रेंज शोधत टाकीपर्यंत जावं लागतं. जाहिरात मात्र चुलीपाशी बसल्या जागी येते!"

काकी किन्हवलीकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका होत्या. फोनचा विषय निघाला की त्यांना २०२१ आठवतंच. तेव्हा राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. दोन जीबी रॅमचा तो फोन तापायचा, अडकायचा, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. वर 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत.

"बाळाचं वजन मी मराठीत घेतलेलं, भरायचं इंग्रजीत. त्यात स्वतःच्या फोनवर ॲप टाका म्हणून तगादा. माझ्या फोनवर कशाला? त्यात माझ्या लेकीबाळींचे फोटो आहेत. सरकारी फोन दिला परत. एकट्यादुकट्या नव्हतो आम्ही."

मी त्यांना हरियाणाचं सांगितलं. त्याच वर्षी तिथल्या आशा सेविकांना दिलेल्या फोनमध्ये 'एमडीएम ३६० शील्ड' नावाचं ॲप घातलं होतं. बाई कुठे आहे ते वरच्यांना दिसणार, फोनमध्ये काय ठेवायचं तेही लांबूनच ठरणार. आशा रस्त्यावर उतरल्या.

"उतरणारच. पाड्यावरून पाड्यावर आम्हीच चालायचं आणि आमच्यावरच पाळत!"

"आधारच्या हेल्पलाइनचा नंबर आठवतो का? २०१८ च्या ऑगस्टमध्ये लोकांच्या फोनबुकात आपोआप उगवला होता."

"हो हो! आमच्या ह्यांना वाटलं, मीच घातला."

तो घोळ गूगलचा होता. २०१४ मध्ये भारतासाठीच्या अँड्रॉइडच्या सेटअपमध्ये आधारची तेव्हाची हेल्पलाइन आणि ११२ हे नंबर चुकून घातले गेले, असं त्यांनीच कबूल केलं. चूक म्हणून सोडून देऊ. पण एवढ्या लोकांच्या फोनबुकात एक नंबर चार वर्षं बसून राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही, हे मला त्या चुकीहून मोठं वाटतं.

"आणि सरकारनेच ॲप घातलं तर?" काकींनी नेमकं विचारलं.

घालणारच होते. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने कंपन्यांना आदेश दिला: नव्वद दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हवं, जुन्यांत अपडेटमधून. त्याची कामं बंद करता येऊ नयेत, असंही त्यात होतं. ओरड झाली तेव्हा मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले, नको असेल त्याने काढून टाकावं. ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेतली.

"पण ॲप वाईट आहे का?"

"नाही हो. फोन चोरीला गेला तर बंद करता येतो, आपल्या नावावर कुणी भलतंच सिम घेतलंय का ते कळतं. कसारा लोकलने जाणाऱ्याने तर जरूर घ्यावं."

"मग 'घ्या' म्हणायचं. घरात आणून ठेवायचं कशाला?"

याला उत्तर नव्हतं. म्हणून मी कायद्याकडे वळलो. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने, समजून आणि स्पष्ट होकार देऊन दिलेली असावी. शिवाय कशाला संमती मागतोय ते मराठीत वाचायची सोय द्यायला हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत.

"म्हणजे २०२७ उजाडणार. तोवर?"

तोवर सेटिंग्ज. कुंपणावर फोन टेकवून आम्ही एकेक ॲप उघडलं. पत्त्यांच्या डावाला माइक, लोकेशन आणि फोनबुक हवं होतं. काकी म्हणाल्या, रमी खेळणारा एवढ्या चौकशा करत नाही! परवानग्या काढल्या. जे उडत नव्हतं ते 'डिसेबल' केलं. लॉकवरची नटीही गेली. तिचं बटण मात्र इतकं आत दडवलेलं की शोधता शोधता काकींचा चहा उकळून गेला. भजनाच्या ग्रुपवर नावापुढे 'एपीके' लिहिलेली एक लग्नपत्रिका आली होती. ती उघडायचीच नाही, असं बजावून पुसून टाकली. असल्या पत्रिकेने बँकेचं खातं रिकामं होतं.

रंगीत चौकोन मात्र हलेना. डिसेबलही होईना.

"अंगणवाडीचा असता तर नेऊन टेबलावर आपटला असता," काकी म्हणाल्या. "हा नातवाने दिलाय, मास्तर. परत कुणाला करू?"