अर्ध्या रेघेचे गृहस्थ

रेंडरराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण सोसायटीच्या ग्रुपवर सकाळच्या सुविचारांच्या आणि पाणी बंद असल्याच्या सूचनांच्या गर्दीत जो गृहस्थ ‘फायनल ७ खरंच फायनल’ नावाची फाइल टाकतो, आणि तीत दर वेळी तीच लाकडी वस्तू असते, त्याला दुसरं काय म्हणायचं? असा एखादा रेंडरराव आता बहुतेक इमारतींत असतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी अशी, की ती नेमकी कसली हे सासुरवाडीला अजून कळलेलं नाही. घरात भलाथोरला मॉनिटर आणि टेबलाखाली एक ग्राफिक्स कार्ड, ज्याची बायकोला सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यांत एका फ्रिजचा फरक आहे.

पूर्वी याच जातीची माणसं रविवारी रेडिओ उघडून बसत. मग डीएसएलआर कॅमेरे आले आणि घरच्या मंडळींऐवजी अल्बमभर खंड्या पक्षी दिसू लागला. आता ब्लेंडर आहे, म्हणजे संगणकावर त्रिमितीय वस्तू घडवून त्यांची हुबेहूब चित्रं काढायचं, ‘रेंडर’ करायचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, हा त्याचा पहिला गुण, आणि ते फुकट का आहे हे रेंडरराव न विचारता सांगतात. हॉलंडच्या टोन रोजेंडाल यांनी १९९४ च्या सुमारास ते सुरू केलं. पुढे कंपनी बुडाली तेव्हा २००२ मध्ये त्यांनी जगभरातून एक लाख युरोंची वर्गणी सात आठवड्यांत जमवून आपलंच सॉफ्टवेअर गुंतवणूकदारांकडून सोडवून आणलं आणि सगळ्यांना खुलं करून टाकलं. लोकवर्गणीची ही गोष्ट सांगताना रेंडररावांचा आवाज भरून येतो. सोसायटीची गणपतीची वर्गणी त्यांच्याकडे तीनदा मागावी लागते, तो भाग वेगळा.

ब्लेंडर शिकणारे बहुतेक जण श्रीगणेशा डोनटनं करतात. एका ऑस्ट्रेलियन गुरुजींची ती शिकवणी जगभर गाजली आहे. रेंडररावांनीही डोनट केला, त्यावर गुलाबी आयसिंग ओतलं, रंगीत दाणे पेरले आणि मोठ्या अपेक्षेनं आईला दाखवला. आईनं चष्मा सारखा केला आणि म्हणाली, “वडा झालाय छान, पण वर हे काय सांडवलंस?” त्या संध्याकाळी त्यांनी परदेशी वस्तूंवर बहिष्कार घातला आणि घरातलीच, आपल्या मातीतली एक वस्तू घ्यायचं ठरवलं. लाटणं.

निवड चुकीची मुळीच नव्हती. लाटणं ही कातीव वस्तू आहे. ती जशी कातारी लेथवर फिरवून काढतो, तशीच संगणकावरही फिरवून काढायची असते. ब्लेंडर उघडलं की मधोमध एक ठोकळा उभा असतो. तो आधी पुसून टाकायचा. नव्या माणसानं शिकायची पहिली कृती म्हणजे हा नाश. मग लाटणं उभं धरलंय असं मानून त्याच्या एकाच कडेची रेघ काढायची. मुठीचा गोळा, मग मान, मग खाच, मग पोटाचा हलका फुगवटा, पुन्हा खाच, मान, मूठ. फक्त एक बाजू. दुसरी काढायचीच नाही. त्या रेघेला ‘स्क्रू’ नावाचं अवजार लावायचं, कोन तीनशे साठ अंश ठेवायचा, आणि ती रेघ अक्षाभोवती एक गिरकी घेऊन अख्खं लाटणं होऊन उभी राहते.

हा साक्षात्कार झाला आणि रेंडररावांचा स्वभावच बदलला, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांचा स्वभाव आधीपासून हाच होता, त्याला तांत्रिक आधार मिळाला इतकंच. भाजी ते आणतात, निवडत नाहीत. मुलाला गणित शिकवायला बसतात आणि ‘समजा’ म्हणून उठतात. गीझर उघडतात. कडेची रेघ ते काढतात, उरलेले तीनशे साठ अंश वहिनी फिरतात.

नमुना म्हणून घरातलं शिसवी लाटणं जप्त झालं. त्याला व्हर्नियर लावून ठिकठिकाणची जाडी वहीत उतरवण्यात आली. “अहो, कणीक मळून ठेवलीय,” असं वहिनी दोनदा म्हणाल्या. “दोन मिनिटं,” असं उत्तर आलं. हे दोन मिनिटं नावाचं माप व्हर्नियरवर सापडत नाही. त्या रात्री पोळ्या स्टीलच्या पेल्यानं लाटल्या गेल्या आणि मुलानं पानात पडलेल्या नकाशांतून ऑस्ट्रेलिया ओळखला.

पहिल्या प्रयत्नात लाटण्याऐवजी टायर झाला. झालं असं, की वस्तूचा उगमबिंदू रेघेपासून दूर राहिला. मग रेघ स्वतःभोवती फिरण्याऐवजी त्या दूरच्या बिंदूला प्रदक्षिणा घालून आली आणि मधे हे मोठं भोक. उगमबिंदू अक्षावर आणल्यावर लाटणं झालं, पण काळंकुट्ट. सगळे पृष्ठभाग आतल्या बाजूला तोंड करून रुसले होते. त्यांना बाहेर वळवलं, तर लाटण्याला कोपरे. स्क्रू मुळात सोळाच पायऱ्यांत गिरकी घेतो, म्हणजे गोलाच्या जागी सोळा बाजू. रेंडररावांनी पायऱ्या चौसष्ट केल्या, मग दोनशे छप्पन्न, मग संगणकाचा पंखा इतका घोंघावू लागला की आईनं आतून विचारलं, “मिक्सर कोणी लावलाय रे?”

मग सावंतवाडी. सहल कोकणची होती, पण रेंडररावांच्या मनात चितारआळी होती. तिथल्या लाकडी खेळण्यांत भातुकलीचं बोटभर लाटणंही मिळतं, आणि कातलेल्या लाकडाला लाखेचा रंग कसा चढतो हे पाहण्यासारखं असतं. लाकूड गरगर फिरत असताना लाखेची कांडी त्यावर दाबून धरायची. घर्षणानं ती तापते, वितळते आणि रंग लाकडात मुरतो. एका कातारीबुवांनी बोलता बोलता असं एक लाटणं काढून रंगवूनही ठेवलं. माप नाही, खूण नाही, डोळा आणि पटाशी. रेंडरराव बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी व्यवसायबंधूच्या आपुलकीनं विचारलं, “पायऱ्या किती ठेवता तुम्ही? बत्तीस?” बुवांनी आधी दाराबाहेरच्या पायऱ्यांकडे पाहिलं, मग यांच्याकडे, आणि म्हणाले, “फिरता म्हणजे गोलच होतला मां!”

घरी आल्यावर लाकडाचं प्रकरण सुरू झालं, आणि इथे मात्र मी या माणसाला मानतो. लाकडाचा फोटो घेऊन तो लाटण्याभोवती गुंडाळला, की लाटणं सनमायका लावल्यासारखं दिसतं आणि मागच्या बाजूला जोड उघडा पडतो. कारण खरं लाकूड पोटातूनच लाकूड असतं. पटाशी त्याच्या वर्षवलयांना जिथे जशी कापत जाते तशी नक्षी वर येते. सरळ भागावर रेषा लांब पळतात, फुगवटा आला की त्यांची लंबवर्तुळं होतात. म्हणून रेंडररावांनी फोटो टाकून दिला आणि लाकडाचा पोत गणितानं, तिन्ही दिशांनी, वस्तूच्या आरपार भरला. त्यानंतर आठवडाभर ते ज्या घरी जात, तिथल्या खुर्चीचे पाय वाकून पाहत. दोन ठिकाणी यजमानीणबाईंनी केर काढायला घेतला.

पोत झाला, पण लाटणं फार नवं दिसत होतं. मग वापराच्या खुणा आल्या. मुठीजवळ हाताचा तेलकटपणा, खाचेत अडकलेलं पीठ, एका टोकाला बारीक तडा. खऱ्या लाटण्यावर या खुणा टिकाव्यात म्हणून स्वयंपाकघरात हुकूम निघाला, की लाटणं धुवायचं नाही. वहिनींनी ते तिथल्या तिथे घासून, पुसून उन्हात ठेवलं. घरात मग दोन लाटणी झाली, एक धुतलेलं आणि एक मुद्दाम मळवलेलं, आणि मळवलेल्याला जास्त वेळ लागला.

प्रकाश कुठून यावा याचाही अभ्यास झाला. दुपारी तीनला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन कसं पडतं हे पाहायला रेंडरराव ओट्यापाशी उभे राहिले. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ही खिडकी पश्चिमेला आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

कोणी हसलं की ते मार्टिन न्यूवेल यांचं नाव काढतात. १९७५ मध्ये यूटा विद्यापीठात न्यूवेल यांना संगणकासाठी एखादी वळणदार वस्तू हवी होती. पत्नीनं चहाचा सरंजाम सुचवला, तेव्हा त्यांनी घरच्या किटलीचं चित्र आलेखाच्या कागदावर काढून तिचं गणित मांडलं. त्या किटलीला सुरुवातीला बूडच नव्हतं. तरीही जगभरच्या संशोधकांनी आपापल्या नव्या युक्त्या तिच्यावरच पारखल्या आणि मूळ किटली आज कॅलिफोर्नियातल्या संगणक-संग्रहालयात आहे. बिनबुडाच्या गोष्टीला इतकी प्रतिष्ठा राजकारणाबाहेर क्वचितच मिळाली असेल. “पाहा,” रेंडरराव म्हणतात, “त्यांच्या मिसेसनी स्वतःहून सुचवलं होतं.”

“आणि त्यातला चहा कोणी केला होता?” असं वहिनी विचारतात. याची नोंद संग्रहालयात आहे की काय, ते पाहायचं रेंडररावांनी कबूल केलं आहे.

अखेर रात्रभर संगणक तापवून चित्र तयार झालं आणि घरच्या ग्रुपवर गेलं. खाली एक शब्दही नव्हता, कारण कलाकृतीनं स्वतः बोलावं. शिसवी लाटणं, तिरपं ऊन, खाचेत पीठ, टोकाला तडा. रेंडरराव फोन हातात धरून बसले. नागपूरच्या काकांनी अंगठा दाखवला. तो ते सगळ्यालाच दाखवतात. मावशीनं विचारलं, “पोळ्या कुठायत?” एका भाच्यानं महागाईविरुद्धच्या जुन्या लाटणं-मोर्चाची आठवण काढली, त्यावर कोणी तरी तो काढणाऱ्या मृणाल गोऱ्यांबद्दल आदरानं लिहिलं, आणि गप्पा तासभर महागाईवर गेल्या. हे लाटणं जगात अस्तित्वातच नाही, अशी शंकाही कोणाला आली नाही. इतकं ते हुबेहूब झालं होतं.

पुण्याच्या आत्यांचा निरोप सगळ्यात शेवटी आला. “लाटण्याला तडा गेलाय, त्यात पीठ अडकून आंबतं. सूनबाईला असलं वापरायला देतोस? लाज वाटत नाही?”

चौथ्या दिवशी कुरियरनं नवंकोरं सागवानी लाटणं आलं. वहिनींनी आत्यांना तिथूनच फोन लावला आणि पुष्कळ दिवसांनी मनापासून बोलल्या. फोन ठेवून वळतात तो रेंडरराव लाटणं उजेडात धरून गोल फिरवत होते. “याच्या मुठीला दोन खाचा आहेत,” ते म्हणाले. “व्हर्नियर कुठे ठेवलाय गं?”

“पिठाच्या डब्यात,” वहिनी म्हणाल्या. “शोधता शोधता कणीक पण मळा.”